उघडी पडलेली मुळे आणि घळींचा इतिहास : एका अभ्यासपद्धतीची वाटचाल

प्रस्तावना

इतिहासलेखनाच्या साधनांमध्ये ताम्रपट, शिलालेख, सनदा, बखरी आणि महसुली दप्तरे यांचे स्थान सर्वमान्य आहे. भूमीच्या स्वतःच्या इतिहासाला मात्र असे दप्तर क्वचितच लाभते. त्यातही घळीचा इतिहास लिहिणे विशेष अवघड असते. नदीचा गाळ जेथे साचतो तेथे थरावर थर चढत जातात आणि ते थर क्रमाने वाचता येतात. घळ ही मुळात एक पोकळी असते. जी माती वाहून गेली तिच्याबरोबरच ती कधी गेली याचा पुरावाही वाहून गेलेला असतो. अभ्यासकाच्या हाती उरतो तो केवळ एक रिता आकार, आणि या आकाराकडे पाहून तो वीस वर्षांत निर्माण झाला की दोन हजार वर्षांत, हे सांगता येत नाही.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. सालकाढी आणि ओघळपाडी धूप नांगरटीने काही काळ झाकली जाते. घळपाडी धूप एकदा सुरू झाली की शेताचे दोन तुकडे होतात. अशा वेळी घळ आजही वाढत आहे की ती जुनी व स्थिरावलेली आहे, यावर बांधबंदिस्तीचा खर्च योग्य की अयोग्य हे ठरते. त्याहून नाजूक प्रश्न दोषाचा असतो. जंगल तोडणाऱ्याने, गुरे चारणाऱ्याने की बदलत्या पावसाने ही जमीन खाल्ली, याचे उत्तर बहुतेक वेळा घळ केव्हा पडली या उत्तरावर अवलंबून असते. घळीच्या काठावर उघडी पडलेली झाडांची मुळे ही या कालनिश्चितीची एक महत्त्वाची साधने ठरली आहेत. या पद्धतीचा विकास कसा झाला, तिच्यावर कोणत्या शंका घेता येतात आणि दख्खनच्या संदर्भात तिची मर्यादा कोठे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लायेलने पाहिलेली घळ

घळीच्या वयाची चर्चा जिच्यापासून सुरू करता येईल अशी एक नोंद चार्ल्स लायेल या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाची आहे. १८४६ मध्ये अमेरिकेच्या दुसऱ्या प्रवासात त्याने जॉर्जिया राज्यातील मिलेजव्हिलजवळ एक प्रचंड घळ पाहिली. तिची खोली ५५ फूट, लांबी ३०० यार्ड आणि रुंदी ठिकठिकाणी २० ते १८० फूट होती. वीस वर्षांपूर्वी तेथे घळ नव्हती, जंगल होते. जंगल तोडल्यावर उन्हाने चिकणमातीला तीन फूट खोल भेगा पडल्या, पावसाचे पाणी मुख्य भेगेतून धावू लागले आणि तिच्या खालच्या टोकापासून उगमाकडे जमीन कातरली जाऊ लागली, असे वर्णन लायेलने केले आहे. १८४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तामुळे ही घळ भूशास्त्राच्या वाचकांना परिचित झाली.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लायेलचा 'वीस वर्षे' हा आकडा कोणत्याही मोजमापातून आलेला नाही. जमीन केव्हा मोकळी केली गेली हे त्या भागातील लोकांना आठवत होते, म्हणून घळीचे वय कळले. साक्षीदार जिवंत होता तोवर घळीला इतिहास होता. साक्षीदार नसेल तर काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात सुटला नाही. दक्षिण कॅरोलायनाच्या पीडमाँट प्रदेशातील घळींचे तपशीलवार सर्वेक्षण होईपर्यंत १९३९ साल उजाडले. तोवर अमेरिकेत मृदासंधारण हा शासकीय धोरणाचा विषय झाला होता. १९३५ मध्ये तेथे स्वतंत्र मृदासंधारण सेवा स्थापन झाली होती.

वृक्षवलयांपासून मुळांपर्यंत

झाडाच्या खोडातील वार्षिक वलये मोजून काळ ठरवण्याचे शास्त्र एका खगोलशास्त्रज्ञाने उभे केले. अँड्र्यू एलिकॉट डग्लस याला सौरडागांच्या चक्राचा पृथ्वीवरील हवामानावर परिणाम होतो का हे पाहायचे होते. ॲरिझोनाच्या रखरखीत पठारावरील पाइन वृक्षांची रुंद-अरुंद वलये त्याला पावसाची नोंदवही वाटली. कोरड्या वर्षाचे अरुंद वलय त्या प्रदेशातील बहुतेक झाडांत सापडते. त्यामुळे एका झाडाचा वलयक्रम दुसऱ्याशी जुळवून पाहता येतो आणि वगळलेले किंवा दुहेरी वलय ओळखता येते. हे जुळवणीचे तत्त्व या शास्त्राचा कणा आहे. ते नसेल तर वलये मोजणे ही केवळ मोजदाद राहते, कालनिश्चिती होत नाही. १९२९ मध्ये जुन्या इमारतींतील तुळयांचा वलयक्रम जिवंत झाडांच्या वलयक्रमाशी जोडला गेला आणि नैऋत्य अमेरिकेतील प्राचीन वस्त्यांना प्रथमच नेमकी वर्षे मिळाली. १९३७ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात वृक्षवलय प्रयोगशाळा स्थापन झाली.

डग्लसचा सहकारी एडमंड शुलमन याने १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या व्हाइट पर्वतरांगेत ब्रिसलकोन पाइन या वृक्षांचे अतिदीर्घ वय उघडकीस आणले. त्यांतील काही वृक्ष चार हजार वर्षांहून जुने निघाले. शुलमनचे लक्ष खोडाकडे होते. त्याच वृक्षांच्या पायथ्याकडे एका भूशास्त्रज्ञाने पाहिले आणि नव्या पद्धतीचा पाया घातला गेला.

व्हॅल्मोर लामार्श याने १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात आणि पुढे १९६८ मधील विस्तृत अहवालात मांडलेला युक्तिवाद अतिशय साधा होता. मूळ जन्माला येते तेव्हा ते जमिनीखाली असते. आज तेच मूळ उतारावर हवेत लोंबत असेल तर त्याच्या वरची आणि आता खालचीही माती मधल्या काळात गेली आहे. मुळाचा मूळचा माथा ते आजचा भूपृष्ठ हे अंतर म्हणजे धूप, झाडाचे वय म्हणजे काळ. पहिल्याला दुसऱ्याने भागले की वेग मिळतो. व्हाइट पर्वतरांगेतील डोलोमाइट खडकाच्या उतारांवर हा वेग हजार वर्षांत सुमारे एक फूट असल्याचे त्याला आढळले. एवढा मंद वेग एका संशोधकाच्या हयातीत प्रत्यक्ष मोजणे अवघड असते. दरम्यान १९६६ मध्ये त्याने अशाच वनस्पतिपुराव्यांवरून ओढ्याच्या धुपेचा आठशे वर्षांचा इतिहास मांडला. १९६७ मध्ये युटा राज्यातील सीडर ब्रेक्स येथे ब्रिसलकोन वृक्षांच्याच आधारे इतर संशोधकांनी धुपेचे वेग मोजले. १९७१ मध्ये फिनलंडचा भूगोलज्ञ यौको आलेस्तालो याने वृक्षवलयांवरून भूरूपप्रक्रियांचा अर्थ लावण्याच्या या सर्व प्रयत्नांची व्यवस्थित मांडणी केली आणि वृक्षभूरूपशास्त्र ही अभ्यासशाखा नावारूपाला आली.

कोलोरॅडोची गुरे, केनियाची कुरणे

पद्धत हाती आल्यावर ती लगेच दोषनिश्चितीच्या प्रश्नाकडे वळली, हे स्वाभाविक होते. नैऋत्य अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सपाट खोऱ्यांच्या तळांत अचानक खोल, उभ्या काठांच्या घळी कातरल्या गेल्या. स्थानिक भाषेत त्यांना 'अरोयो' म्हणतात. त्या केव्हा व का पडल्या यावर दीर्घ वाद झाला. कर्क ब्रायन या भूशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये या कातरणीच्या कालाचा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळला. गुरांची अतिचराई हे तात्कालिक निमित्त आणि हवामानातील बदल हे मूळ कारण, अशी भूमिका त्याने पुढे मांडली. गुरांच्या आगमनापूर्वीही याच खोऱ्यांत घळी पडून पुन्हा बुजल्याच्या खुणा गाळाच्या थरांत होत्या, हा त्याचा आधार होता. इतरांना गुरेच मुख्य दोषी वाटत होती.

या पार्श्वभूमीवर १९७९ मध्ये पॉल करारा आणि थॉमस कॅरोल यांनी वायव्य कोलोरॅडोतील पीसिआन्स खोऱ्यात केलेला अभ्यास महत्त्वाचा ठरतो. पिन्यॉन पाइन, ज्युनिपर आणि इतर वनस्पतींच्या उघड्या मुळांवरून त्यांनी गेल्या सुमारे चारशे वर्षांतील धुपेचे वेग काढले. पहिल्या तीनशे वर्षांत हा वेग वर्षाला ०.२ ते ०.५ मिलिमीटर होता; शेवटच्या शंभर वर्षांत तो सुमारे १.८ मिलिमीटर झाला. याचे कारण त्यांनी शतकभरापूर्वी त्या प्रदेशात मोठ्या संख्येने आणल्या गेलेल्या गुरांमध्ये शोधले. या प्रदेशातील यूट जमातींना १८८१ मध्ये युटामधील राखीव क्षेत्राकडे हलवण्यात आले होते आणि त्यानंतर तेथे पशुपालकांचा मोठा ओघ सुरू झाला, ही राजकीय घटना या आकड्यांच्या मागे उभी आहे. मुळांचा इतिहास आणि वसाहतीचा इतिहास येथे एकाच दशकापाशी येऊन मिळतात.

जवळपास त्याच सुमारास, १९७८ मध्ये, थॉमस डन, विल्यम डीट्रिश आणि मॅथ्यू ब्रुनेन्गो यांनी केनियाच्या निमशुष्क भागातील धुपेचे अलीकडचे व प्राचीन वेग प्रसिद्ध केले. तेथे त्यांनी उघड्या मुळांबरोबरच झाडाझुडपांच्या बुंध्याभोवती शिल्लक राहिलेल्या मातीच्या उंचवट्यांचाही उपयोग केला. बुंध्याजवळची माती झाडाच्या आडोशाने टिकली आणि भोवतालची गेली, असे गृहीत धरले तर त्या उंचवट्याची उंची म्हणजे झाडाच्या हयातीत झालेली धूप. पुढच्याच वर्षी याच गटाने कुरणांची माती आणखी किती काळ टिकेल याचा अंदाज बांधण्यासाठी ही पद्धत वापरली. महागडी उपकरणे आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी नसलेल्या देशांत केवळ पट्टी व करवत घेऊन धूप मोजता येते, ही गोष्ट विकसनशील जगातील भूगोलाच्या अभ्यासकांना आकर्षक वाटली नसती तरच नवल.

सरासरीच्या आडचे प्रश्न

तथापि, कोणत्याही दस्तऐवजाप्रमाणे मुळाचीही साधनचिकित्सा केली पाहिजे, आणि ती केली असता या पहिल्या पिढीच्या आकड्यांतील काही दुबळे दुवे दिसू लागतात.

पहिला प्रश्न मूळ खोलीचा. प्रत्येक मूळ भूपृष्ठाच्या अगदी जवळ जन्मले होते असे मानता येत नाही. शिवाय मूळ स्वतः जाड होत असते. जाड होताना त्याचा माथा वर सरकतो आणि आसपासची मातीही उचलली जाते. म्हणजे धूप मुळीच झाली नसली तरी जुन्या झाडाचे मूळ थोडेसे उघडे दिसू शकते. केनियातील उंचवट्यांबाबतही हीच शंका राहते. पावसाच्या थेंबांनी उडालेली माती बुंध्याशी साचत असेल, तर तो उंचवटा धुपेचा अवशेष नसून नवी भर ठरेल. काही वृक्षांच्या बाबतीत तर उघडे मूळ हा पुरावाच नव्हे. वडाच्या पारंब्या किंवा काटेसावरीच्या बुंध्याचे फाकलेले आधार पाहून कोणी जमिनीची धूप मोजू लागला, तर तो झाडाच्या स्वभावाला जमिनीचा इतिहास समजेल.

दुसरा प्रश्न सरासरीचा. लामार्शच्या सूत्रात झाडाचे किंवा मुळाचे एकूण वय भाजक म्हणून येते. एक मीटर माती शंभर वर्षांत गेली असे कळले तर वेग वर्षाला एक सेंटिमीटर येतो. पण ती माती दरवर्षी एक सेंटिमीटर गेली की एखाद्या जुलै महिन्यातील एका रात्रीत सगळी गेली, हे सूत्राला ठाऊक नसते. उताराच्या सालकाढी धुपेत हा दोष चालून जातो. घळीच्या बाबतीत तो मुळावरच येतो, कारण घळ बहुधा झटक्यांनी वाढते. अनेक वर्षे ती शांत असते आणि मग एका मुसळधार पावसात तिचे शिर कित्येक मीटर मागे सरकते.

तिसरा प्रश्न सर्वांत गंभीर आहे आणि त्याची चर्चा पुरेशी होत नाही. जेथे जमीन वेगाने जाते तेथे झाडही लवकर उन्मळते. चारशे वर्षांचे झाड जेथे आजही उभे आहे ती जागा त्या चारशे वर्षांत तुलनेने स्थिरच राहिली असली पाहिजे. अन्यथा झाड तेथे उरलेच नसते. म्हणजे जुन्या काळाची साक्ष फक्त मंद धुपेच्या जागा देतात, आणि अलीकडच्या काळाची साक्ष मंद व वेगवान अशा दोन्ही जागा देतात. अशा नमुन्यांवरून आलेख काढला तर भूतकाळ नेहमीच शांत दिसेल आणि वर्तमान नेहमीच विध्वंसक. इतिहासाच्या अभ्यासकांना हा दोष नवा नाही. आग, वाळवी आणि लुटालूट यांतून जी दप्तरे वाचली ती बहुधा स्थिर घराण्यांची असतात. त्यांवरून संपूर्ण समाज स्थिर होता असा निष्कर्ष कोणी काढत नाही.

पीसिआन्सच्या निष्कर्षाला हा आक्षेप पूर्णपणे उडवून लावतो असे नाही. वेगातील वाढ सुमारे साडेतीनपट ते नऊपट आहे आणि तिचा काळ गुरांच्या आगमनाशी जुळतो. परंतु ब्रायनने दाखवल्याप्रमाणे याच काळात हवामानाचा प्रश्नही उभा राहतो. कालनिश्चिती आणि कारणनिश्चिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ पहिली देऊ शकते, दुसरी नव्हे. गुरे चारणाऱ्यांवर ठपका ठेवण्याची घाई वसाहतकालीन वनखात्यांनी आफ्रिकेत आणि भारतातही अनेकदा केली. अशा घाईला मिलिमीटरच्या आकड्याचे पाठबळ मिळाले की तिला आव्हान देणे अधिकच कठीण होते.

पेशींनी ठेवलेली नोंद

या अडचणींपैकी दुसरीवर, म्हणजे सरासरीच्या अडचणीवर, उपाय मुळाच्या आतच दडलेला होता. डी. सी. एफ. फेल यांनी १९६८ मध्ये टोरांटो विद्यापीठातून प्रकाशित केलेल्या अभ्यासात मुळांची जाडी कशी वाढते याचे बारकाईने वर्णन केले होते. जमिनीखालचे मूळ आणि जमिनीवरचे खोड यांच्या काष्ठात फरक असतो. मातीत तापमान फारसे बदलत नाही, ओलावा टिकतो, भोवतालचा दाब सर्व बाजूंनी असतो. तेथील पेशी मोठ्या पोकळीच्या व पातळ भित्तिकांच्या असतात आणि वलयांच्या सीमाही अस्पष्ट असतात. माती निघून गेली की मुळाला ऊन, थंडी आणि कोरडेपणा जाणवू लागतो. तेव्हापासून तयार होणारे काष्ठ हळूहळू खोडासारखे होते.

होल्गर गेर्टनर, फ्रिट्झ श्वाइनग्रुबर आणि रिचर्ड डिकाऊ यांनी २००१ मध्ये या बदलाचा कालमापनासाठी पद्धतशीर उपयोग केला. सूचिपर्णी वृक्षांच्या मुळाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला की एका विशिष्ट वलयापासून हंगामाच्या सुरुवातीच्या वाहिनिकांची पोकळी एकाएकी लहान झालेली दिसते. ते वलय ज्या वर्षाचे, त्या वर्षाच्या सुमारास मूळ उघडे पडले. आता भाजक झाडाचे वय राहिला नाही. मूळ उघडे पडल्यापासूनचा काळ हा भाजक झाला. पुढे रुंदपर्णी वृक्षांच्या मुळांतील वाहिन्यांतही असे बदल शोधण्यात आले. उघडे पडल्यानंतर मुळावर होणारे घाव आणि त्यामुळे एका बाजूला अधिक वाढलेली वलये यांचाही पूरक पुरावा म्हणून उपयोग होऊ लागला.

येथेही साधनचिकित्सा थांबली नाही. फ्रान्सच्या दक्षिण आल्प्समध्ये द्रे येथे काळ्या मार्ल खडकांत घळींनी चिरलेले एक क्षेत्र आहे. १९८० च्या दशकापासून तेथे धुपेची नियमित मोजणी होत आली आहे. क्रिस्तोफ कोरोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तेथील मुळांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट झाली : पेशींतील बदल मूळ पूर्ण उघडे पडण्याची वाट पाहत नाही. मुळावरील मातीचा थर सुमारे तीन सेंटिमीटरपर्यंत पातळ झाला की तो सुरू होतो. म्हणजे छेदातील वर्ष हे उघडे पडण्याचे वर्ष नसून त्याच्या किंचित आधीचे असते आणि हिशेबात तेवढी दुरुस्ती करावी लागते. ज्या ठिकाणी मोजणीच्या नोंदी उपलब्ध होत्या तेथेच मुळांची परीक्षा घेतली गेली, हे या अभ्यासाचे खरे बळ आहे. दस्तऐवजाचा खरेपणा स्वतंत्र साक्षीदाराकडून पडताळून घ्यावा, हे इतिहासाच्या पहिल्या धड्यातील तत्त्व येथे पाळले गेले.

घळीतील मुळांची भाषा

उतारावरील धूप आणि घळ यांच्या अभ्यासात एक मूलभूत फरक आहे. उतारावर माती वरून खाली जाते, म्हणून उभे अंतर मोजले जाते. घळ मात्र तीन दिशांनी वाढते : तळ खोल जातो, काठ मागे हटतात आणि शिर उगमाकडे सरकते. त्यामुळे येथे एकाच मुळाऐवजी अनेक प्रकारचे पुरावे एकत्र वाचावे लागतात.

आग्नेय स्पेनमधील घळींसाठी व्हान्डेकेर्कहोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेली पद्धत या दृष्टीने मार्गदर्शक आहे. घळ आडवी ओलांडून दोन्ही काठांत शिरलेले मूळ असेल, तर ते मूळ वाढले तेव्हा तेथे सलग जमीन होती हे सिद्ध होते. त्याच्या उघडे पडण्याचे वर्ष म्हणजे घळ तेथे पोहोचण्याचे वर्ष. काठातून हवेत डोकावणारी, टोके वाळलेली मुळे काठ किती मागे हटला ते सांगतात. काठ ढासळून कललेले झाड पुन्हा सरळ वाढू लागते तेव्हा त्याच्या खोडात एका बाजूला जाड वलये तयार होतात, आणि कोसळण्याचे वर्ष कळते. पडलेल्या झाडाच्या खोडावर नव्याने फुटलेल्या उभ्या फांद्यांचे वय हाही असाच पुरावा. घळीच्या तळाशी उगवलेले झाड मात्र उलट बाजूने साक्ष देते : तळाचा तेवढा भाग किमान त्या झाडाच्या वयाइतका जुना आहे. यांतील काही पुरावे 'याच्या आधी नाही' असे सांगतात, काही 'याच्या नंतर नाही' असे, आणि दोहोंच्या मध्ये घटना पकडावी लागते.

घळीच्या दिशेने लांबलचक गेलेले एकच मूळ मिळाले तर अधिकच उत्तम. समजा, त्या मुळाचे दर अर्ध्या मीटरवर छेद घेतले आणि घळीच्या बाजूच्या छेदात पेशींचा बदल १९७८ चा, पुढच्यात १९७८ चाच, त्यापुढच्यात १९९१ चा आढळला, तर घळीचे शिर १९७८ मध्ये एकदम पुढे आले, मग तेरा वर्षे थबकले, असा वृत्तान्त हाती येतो. सरासरी वेगाच्या जागी घटनांची मालिका मिळते आणि ती पर्जन्यनोंदींशी ताडून पाहता येते. लायेलच्या घळीबाबत हे कळले असते तर त्या वीस वर्षांपैकी जमीन प्रत्यक्षात किती पावसाळ्यांत गेली, हेही समजले असते.

पोलंडच्या दक्षिण भागातील लोएस मातीतील घळींवर इरेनेउश मालिक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आणखी एका समजुतीला धक्का देतो. जंगलाखालच्या जुन्या घळी म्हणजे पूर्वीच्या शेतीकाळाचे मृत अवशेष, असे मानण्याकडे सर्वसाधारण कल असतो. मुळांच्या पेशींनी दाखवले की जंगल उभे असतानाही अशा घळींत धूप चालू असते. वृक्षलागवड केली की घळ आपोआप बुजते, असे मानणाऱ्या योजनाकारांनी हा निष्कर्ष लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे.

दख्खनच्या संदर्भात

भारतात घळींचा प्रश्न सर्वाधिक परिचित आहे तो चंबळ, यमुना आणि मही या नद्यांच्या काठांवरील बीहडांमुळे. १९५० च्या दशकात कोटा, आग्रा आणि वासद येथे मृदासंधारण संशोधन केंद्रे निघाली ती याच कारणाने. महाराष्ट्रात प्रवरा नदीच्या काठी, गाळाच्या जाड थरांत, घळींनी चिरलेली अशीच उत्खात भूमी आहे. येथील घळींचा उगम हवामानबदलाशी, नदीच्या पात्राच्या खोल जाण्याशी की मानवी हस्तक्षेपाशी जोडायचा, हा प्रश्न अरोयोच्या वादाइतकाच गुंतागुंतीचा आहे. मग मुळांची पद्धत येथे का वापरू नये?

अडचण झाडांत आहे. ही पद्धत जेथे जन्मली तेथे कडक हिवाळा दरवर्षी वाढ थांबवतो आणि वलयाची सीमा स्पष्ट उमटते. दख्खनच्या घळींच्या काठी दिसतात त्या बाभूळ, हिवर, बोर आणि कडुनिंब. यांच्या काष्ठात वलये दिसली तरी एक वलय म्हणजे एक वर्ष असे निश्चयाने म्हणता येत नाही. अवेळी पाऊस झाला तर वर्षात दोन वलये, दुष्काळ पडला तर एकही नाही, असे होऊ शकते. आणि मुळांत ही अनिश्चितता खोडापेक्षा अधिक असते. केनियाच्या बाभूळवर्गीय झाडांबाबतही हाच प्रश्न उभा राहतो. नगर जिल्ह्यातील एखाद्या घळीवर दोन हात लोंबणारे बाभळीचे मूळ धुपेची खोली निःसंदिग्धपणे दाखवते, पण तारीख दाखवत नाही. तारखेविना वेग नाही.

अपवाद सागाचा. सागाच्या काष्ठात वार्षिक वलये ठळक असतात. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय मौसमविज्ञान संस्थेतील जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे परिसरातील सागाची वलये व प्रादेशिक हवामान यांचा संबंध अभ्यासला होता. परंतु साग डोंगरउतारांवरील वनांत असतो. नदीकाठच्या शेतजमिनी चिरणाऱ्या घळींत तो क्वचितच आढळतो. जेथे साक्षीदार वाचता येतो तेथे घटना कमी, आणि जेथे घटना आहे तेथील साक्षीदार अस्पष्ट बोलतो, अशी ही स्थिती आहे.

म्हणून दख्खनमध्ये मुळाला कागदाची जोड द्यावी लागेल, आणि सुदैवाने असा कागद येथे आहे. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेल्या मुंबई इलाख्याच्या सर्वेक्षण पद्धतीत प्रत्येक सर्व्हे नंबराचे मोजमाप झाले. आकारणीची मुदत साधारणपणे तीस वर्षांची असे आणि त्यानंतर फेरतपासणी होई. सर्व्हे नंबरातील लागवडीस अयोग्य क्षेत्र 'पोटखराब' म्हणून वेगळे दाखवले जाई. ओढे, नाले व घळींनी खाल्लेली जमीन या सदरात येते. एकाच गावाच्या लागोपाठच्या मोजण्यांत पोटखराब वाढत गेला असेल, तर ती घळींच्या वाढीची एक शक्य खूण आहे. शक्य एवढेच म्हणायचे, कारण पोटखराबाला आकारणीतून सूट मिळत असल्याने तो वाढवून दाखवण्यात कुळाचे आणि आटोपता ठेवण्यात सरकारचे हित होते. गावनकाशे, जुने स्थलनिर्देशक नकाशे आणि विसाव्या शतकातील हवाई छायाचित्रे यांचीही यात भर घालता येईल. घळीची धार ज्या सर्व्हे नंबराच्या बांधावर आज आहे तो बांध १९ व्या शतकात कोठे होता हे नकाशा सांगेल. त्या बांधावरच्या झाडाचे मूळ किती उघडे आहे हे पट्टी सांगेल.

पद्धतीची चाचणी मात्र सागापासूनच सुरू करावी लागेल. वनविभागाच्या कार्य-आयोजनांत लागवडीचे वर्ष नोंदलेले असते. ज्या लागवडीत ओघळी व घळी शिरल्या आहेत तेथील सागाच्या उघड्या मुळांचे छेद घेतले, तर मुळातील वलये वार्षिक आहेत की नाहीत हे लागवडीच्या वर्षाशी ताडून तपासता येईल. वाहिन्यांचा आकार मूळ उघडे पडताच बदलतो का, हेही त्याच छेदात पाहता येईल. काम खर्चिक नाही. त्याला करवत, सूक्ष्मदर्शक आणि वनविभागाची परवानगी लागते. परवानगी यासाठी की मुळाचा छेद घेणे म्हणजे ते मूळ तोडणेच होय, आणि घळीच्या काठावर तेच मूळ पुष्कळदा मातीचा शेवटचा आधार असते. एका काठावरून किती नमुने घ्यायचे हे संशोधकाने करवत लावण्यापूर्वी ठरवलेले बरे.